सारंग जेवत नाही

रत्नागिरी, ९ जानेवारी

सौ. दमयंतीस,

फोन तू उचलत नाहीस. उचलला तर तुझा भाऊ सदू उचलतो आणि "ताई माडांना पाणी घालतेय" एवढंच सांगतो. गणपती झाल्यापासून पाणीच घालतेयस. त्याचे माड आता कुजायला आले असतील. म्हणून हे पत्र. बोटीवर होतो तेव्हा रॉटरडॅमहून, सँटोसहून लिहायचो, आणि तू पोस्टमनच्या हातातून पाकीट ओढून घ्यायचीस. हे नुसतं रत्नागिरीहून केळशीला येतंय, पण लिहिणारा तोच आहे.

बातमी अशी की घरात एक पाहुणा आलाय, कायमचा. इग्वाना म्हणतात त्याला. हिरवागार, अंगावर खवले, पाठीवर करवतीसारखे काटे, गळ्याखाली लोंबती पिशवी, आणि शेपटीसकट मोजलास तर माझ्या कमरेच्या वर येईल. घाबरू नकोस. तू इथे नाहीसच, तेव्हा घाबरायचा प्रश्न नाही.

भागोजीचा सुजय आठवतो ना? भागोजी माझ्या जहाजावर इंजिनात होता, त्याचा मुलगा. लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. हा प्राणी त्याचा. डिसेंबरात त्याचं लग्न झालं आणि नव्या नवरीने आठ दिवसांत सांगून टाकलं, घरात ते राहील नाहीतर मी राहीन. सुजयने बायको ठेवली. पोरगा हुशार आहे. मग तो डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे आला, आणि मी म्हटलं, ठेव इथे. सरकारी पोर्टलवर नोंद होती ती त्याने माझ्या नावावर करून दिली, दिवा दिला, काचेची पेटी दिली आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत गेला.

नाव मी ठेवलं, सारंग. जहाजावर सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. स्वतः काडी हलवत नाही, उंचावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो आणि कोणी जवळ गेलं की गळा फुगवतो. नाव अगदी चपखल बसलं.

शेजारच्या चिमाकाकूने पहिल्याच दिवशी कुंपणावरून बघितलं आणि बोंब ठोकली. "अनल्या, मेल्या, घोरपड पाळलंस? जेलात जाशील!" तिने गावभर केलंन, आणि दुसऱ्या दिवशी वनरक्षक दारात. मी कागद दाखवले. घोरपड वेगळी, हा वेगळा, हे समजावून सांगितलं. तो बिचारा चहा प्यायला आणि सारंगबरोबर फोटो काढून गेला. चिमाकाकूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ती तुला फोन करतेच, तेव्हा हे तिच्याकडून वेगळ्या तऱ्हेने तुझ्यापर्यंत आलंच असेल.

आता जेवणाचं. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला राहणारा माणूस पाहुण्याला काय वाढेल? मी पहाटेच्या लिलावातली कोळंबी आणली, सोलून, धुऊन ठेवली. सारंगने तोंड फिरवलं. अंडं उकडून दिलं. सुका जवळा खमंग भाजून दिला, ज्याच्या वासाने चिमाकाकूचं मांजर कुंपण चढून आलं. सारंग ढिम्म. शेवटी सुजयला फोन केला, तर तो फोनवर किंचाळलाच. "काका, तो शाकाहारी आहे! मासे-अंडी देऊ नका, किडनी जाईल त्याची!"

घे. जिथे वाऱ्यालासुद्धा मासळीचा वास येतो तिथे आमच्या घरी बारा महिने सोवळ्यातला पाहुणा. पण मी कुठे हटतोय? शेवग्याचा पाला निवडला, नुसता वाफवला, तिखट नाही, मीठ नाही. फक्त वरून ओलं खोबरं भुरभुरवलं, कारण खोबऱ्याशिवाय भाजी ताटात घालायला माझा हात धजत नाही. सारंगने हुंगलं आणि मान वरखाली, वरखाली डोलावली. मी म्हटलं, आवडली! सुजयला अभिमानाने कळवलं. तो म्हणाला, "काका, ती दाद नाही, तो तुम्हाला दम देतोय."

तरी लिहून ठेव. माझ्या स्वयंपाकघरात आलेलं कोणी उपाशी राहिलेलं नाही. फिलिपिनो जेवले, ग्रीक कप्तान जेवला, एक युक्रेनचा चीफ इंजिनिअर तर माझ्या हातचे घावणे खाऊन रडला होता. हा एक सरडा काय माझी अब्रू काढणार?

तुझा,
अनिल
चीफ कुक, निवृत्त

*

रत्नागिरी, २२ जानेवारी

दमयंती,

जेवला! ताटली चाटूनपुसून स्वच्छ!

सांगतो कसं ते. पाला कच्चा. वाफ नाही, खोबरं नाही, काही नाही. मला हे पटायला वेळ लागला हे कबूल. कच्चं तर गुरंही खातात, मग माझं काय काम? पण काम आहे. शेवग्याचा पाला काड्या काढून निवडायचा. लाल भोपळा किसायचा, जाड नाही, बारीक नाही. पिकल्या पपईची एखादी फोड, रोज नाही. चवळीचा पाला चिरून. मधोमध जास्वंदीचं एक फूल, पाकळ्या मोकळ्या करून. पालक मी दोन दिवस हौसेने घातला तर सुजय म्हणाला, रोज नको, त्याने हाडं ठिसूळ होतात. अळू मी स्वतःच टाळलं. माझा घसा खवखवतो तर त्याचा का नाही खवखवणार? सकाळी ऊन अंगावर घेऊन तो तापला की मगच वाढायचं. थंड पोटाने तो खात नाही. जहाजावर थंडीच्या बंदरात खलाशांचंही तसंच असायचं, आधी अंगात ऊब, मग भूक.

पहिलं फूल त्याने उचललं तेव्हा त्याची जीभ दिसली, गुलाबी आणि जाड. फूल एका बाजूने तोंडातून लोंबत होतं आणि डोळे मिटलेले. मी ओट्याला टेकून उभा होतो, हातात किसणी तशीच. खरं सांगतो, युक्रेनचा चीफ इंजिनिअर रडला तेव्हासुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

त्याला मी स्वयंपाकघरातच ठेवलं आहे. पूर्वेची खिडकी तिथेच आहे, आणि इन्व्हर्टरची लाइनही. भांड्यांच्या मांडणीवरचे टोप खाली काढले आणि तिथे त्याला आंब्याची आडवी फांदी बसवून दिली. वर दिवा. आंघोळीला बिर्याणीचा मोठा टोप, कोमट पाणी. पाण्यात उतरला की तो आधी पाणी घाण करतो आणि मग समाधानाने पोहतो. चिमाकाकू म्हणते, "त्या टोपात आता तुझ्या घरचं कोण जेवेल?" मी म्हटलं, जेवायला आहे कोण?

काल तिने तुझा निरोप दिला. चार महिन्यांनी तुझा पहिला निरोप, आणि काय? "जास्वंद माझी आहे. तोडायची तर खालची फुलं तोडा, शेंड्याला हात लावू नका." एवढंच. बरं, निरोप आला हेही नसे थोडके. शेंड्याला हात लावत नाही.

तुझे मसाल्याचे डबे मी आहेत तसेच ठेवलेत. म्हणजे मी लावले होते तसे, लेबलं चिकटवून, एका रांगेत. तुला ती लेबलं आवडली नव्हती हे मला माहीत आहे. पण डब्यावर नाव असलं तर वाईट काय ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अनिल

*

रत्नागिरी, १० फेब्रुवारी

दमयंती,

सारंग जेवत नाही.

आधी वाटलं एक दिवस रुसला असेल. मग वाटलं भोपळा जुना होता. नवा आणला. पाला बदलला, गुलाबाच्या पाकळ्या घातल्या, पपई घातली, ताटली बदलली. शेवटी जमिनीवर पालथा पडून त्याच्यासमोर स्वतः शेवग्याचं पान चावून दाखवलं. चिमाकाकू नेमकी तेव्हाच खिडकीशी आली. "बाय माझे, आता हा पण पाला खायला लागला," म्हणाली, आणि तिने ते तुला सांगितलंन असणारच.

तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. पाणी पितो तेवढंच. पाय काटक्यांसारखे झालेत, शेपटीच्या मुळाशी हाड दिसायला लागलंय, आणि पोट मात्र ढोलासारखं. मला वाटलं गॅस. ओव्याचं पाणी पाजावं असं मनात होतं, पण सुजयने फोनवर शपथ घातली, म्हणून नाही पाजलं. गावातले गुरांचे डॉक्टर भले आहेत, पण म्हणाले, "मी म्हशी आणि कुत्री बघतो हो, हे मी कधी हातात धरलेलं नाही. कोल्हापूर नाहीतर पुण्याला न्या." एवढ्या लांबच्या रस्त्याने नेलं तर वाटेतच काही व्हायचं.

आणि स्वस्थही बसत नाही. दिवसभर कोपरे उकरतो. नखांनी लादी खरवडतो. तांदळाच्या डब्याचं झाकण मी उघडं ठेवलं होतं तर आत उतरून तांदूळ बाहेर उडवत होता, सगळ्या स्वयंपाकघरात तांदूळ. पेटीच्या काचेवर नाक घासून घासून नाकाला जखम झाली आहे. तिला मी हळद लावली.

मला भीती वाटते. हे तुला लिहितोय, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मिरकरवाड्यात मी सगळ्यांना सांगून बसलोय की सारंग माझ्या हातचं कसं खातो. आता कोणी विचारलं, काय म्हणतो तुमचा इग्वाना, तर मी म्हणतो मजेत आहे. लिलावातली पोरं हसतात. हसू देत. पण घरी येऊन ताटली बघायची आणि ती जशीच्या तशी असायची, याची सवय मला नाही गं. उभ्या जन्मात माझ्यासमोरून भरलं ताट परत गेलेलं नाही.

गणपतीत आपल्याकडे केवढी माणसं जेवली. मोदकांना एकाने नाव ठेवलं नाही. तू दमलीस असं वाटून मी तुला ओटीवर बसवलं, म्हटलं तू आज हात लावू नकोस, आराम कर. सगळ्यांनी माझी तोंडभरून स्तुती केली, तुझ्या वहिनीनेसुद्धा. आणि तिसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस. मी काय कमी केलं होतं ते मला कळलं नाही. सारंगच्या बाबतीतही कळत नाही.

अनिल

*

रत्नागिरी, १४ फेब्रुवारी

दमयंती,

चिमाकाकू परवा सकाळी सकाळी धावत आली. तुझा निरोप तिने दारातूनच ओरडून सांगितलान. "दमयंती म्हणते, तो नाय, ती हाय! पोटात अंडी हायत. जेवणाला नावं ठेवू नको, उकरायला माती दे म्हणावं!"

पहिल्यांदा मी हसलो. सारंग आणि बाई? मग रागावलो. इथे मी रोज तिला हातात धरतो, तू एसटीने सहा तासांच्या अंतरावर बसलेली, आणि तुला कळतं? मग सुजयला फोन केला. तो म्हणाला, "काका, विकणाऱ्याने नर म्हणून दिला होता. मी कधी तपासलं नाही." म्हटलं, पण नराशिवाय अंडी? तर म्हणतो, कोंबडी नाही का घालत? तेही खरंच.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी या खेपेला धीर करून पोटाला बोटं लावली. म्हणाले, "आत द्राक्षांचा घड असावा असं लागतंय. बाईसाहेब बरोबर बोलल्या." आणि मग हळू आवाजात म्हणाले की जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडवून धरेल, आणि अडली तर वाचणार नाही.

तेव्हा माझा राग गेला. मी पत्रात काय लिहिलं होतं? पाय काटक्या, पोट ढोल, तांदळात उकरते. मी तेच रोज बघत होतो आणि मला फक्त माझी ताटली दिसत होती. तुला लांबून बरोबर दिसलं. तुझ्या केळशीच्या किनाऱ्यावर कासवं येतात, सदू त्यांची घरटी राखतो, तू त्याच्याबरोबर पहाटे वाळूत फिरतेस, हे मला ऐकून माहीत होतं. मला वाटायचं विरंगुळा म्हणून जात असशील.

बंदरावरून मासळीचा मोठा क्रेट आणला, झाकणाचा. तीन वेळा धुतला. झाकणाला एका बाजूने भोक पाडलं. भाट्याच्या किनाऱ्यावरून दोन गोणी वाळू आणली आणि क्रेट काठोकाठ भरला. माझ्या मते काम फर्स्ट क्लास झालं होतं. सारंग आत गेली, उकरलं, आणि वाळू तिच्या अंगावर कोसळली. बाहेर आली ती पुन्हा तिकडे बघायला तयार नाही. आता कोपऱ्यात पडून असते आणि डोळे मिटून घेते. काल तिने माझ्याकडे बघून मानसुद्धा डोलावली नाही. दम द्यायचीही ताकद राहिली नाही तिच्यात.

वाळू किती ओली हवी? खोल किती? कोणती? चिमाकाकूकडून निरोप नको, तिचा निरोप पोचेपर्यंत अर्धा सांडतो.

ये असं मी लिहीत नाही. यायचं की नाही ते तुझं तू बघ. पण दापोलीहून सकाळची गाडी वेळेवर असते असं कळतं.

अनिल

*

रत्नागिरी, ३ मार्च

दमयंती,

तू इथे होतीस, सगळं तूच केलंस, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू आत होतीस आणि मी बाहेर होतो. बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही.

गाडीतून उतरून तू दारात आलीस, पिशवी ओटीवर ठेवलीस, पाणीही न पिता सरळ आत गेलीस. क्रेटमध्ये हात घातलास आणि म्हणालीस, "खारी वाळू आणलीत? हिला काय लोणच्यात घालायचंय?" माझी दोन गोणी वाळू तू अंगणात ओतायला लावलीस. मग जास्वंदीच्या बुंध्यातली तांबडी माती, चिमाकाकूच्या बांधकामाच्या ढिगातली नदीची रेती, दोन्ही चाळून घेतलीस माझ्याकडून. पाणी मात्र तू स्वतः घातलंस, ओंजळीओंजळीने. मूठ आवळून बघायचीस. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे. मी जन्मभर पिठं मळली, पण तू ज्या हाताने ती माती बघितलीस तो हात मी आधी कधी नीट बघितला नव्हता. मला तुझा अभिमान वाटला. तेव्हा बोललो नाही, कारण तू मला क्रेट उचलायला लावत होतीस.

मग तू क्रेट मांडणीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलास, खिडकीला चादर लावलीस आणि मला म्हणालीस, "आता तुम्ही भायेर बसा."

मी म्हटलं, मी का? माझं स्वयंपाकघर आहे.

"बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाचं काय काम? कोणी बघत बसलं तर ती घालायची नाय. कासवी पण माघारी जातेय माणूस बघून." आणि दार लावून घेतलंस.

मी ओटीवर बसलो. भर दुपार. आतून आधी काहीच आवाज नाही. मग नखांचा खरखर आवाज, थांबला, पुन्हा सुरू झाला. मग तुझा आवाज, अगदी हळू, तिच्याशी काहीतरी बोलत होतीस. मग भांड्याचा आवाज, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. तू स्वतःसाठी चहा ठेवला होतास. आलं ठेचल्याचं ऐकू आलं. मला सांगावंसं वाटलं, आलं पाणी उकळल्यावर घाल, आधी नको. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

माझ्याच घरात माझ्याच दारापाशी बसून मला काय करावं ते कळेना. हात मोकळे. कोणी विचारत नाही, कोणाला माझी गरज नाही, आत जे चाललंय ते माझ्यावाचून नीट चाललंय. मी उठायचो, दोन पावलं दारापर्यंत जायचो, परत बसायचो. गणपतीत तू याच जागी बसली होतीस, हातांची घडी घालून, आणि मी मोदकांचं ताट मिरवत तुझ्यासमोरून गेलो होतो. तेव्हा तू माझ्याकडे बघून हसली होतीस असं मला वाटलं होतं. आता नक्की सांगता येत नाही.

चिमाकाकू कुंपणाशी आली. "काय रे अनल्या, बायकोने भायेर काढलान?"

मी म्हटलं, "होय. काढलान."

"आणि तू बसलंस?"

"बसलो."

मग तिने आपल्या घरून दोन चिंचेच्या गोळ्या आणून माझ्या हातावर ठेवल्यान आणि कुंपणापलीकडे पायरीवर बसून राहिली. ती पण वाट बघत होती. घोरपड म्हणून गावभर बोंब ठोकणारी बाई.

उन्हं कलली तेव्हा तू दार उघडलंस. कपाळावर माती, पदर खोचलेला. "झाली मोकळी," म्हणालीस. "वीस-बावीस हायत. ती वरून माती लोटून, दाबून, आपणच भायेर आली." आणि मग तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू मोरीत तोंड धुवायला गेलीस. मी आत जाऊन बघितलं. सारंग फांदीखाली पसरली होती, पोट रिकाम्या पिशवीसारखं, डोळे मात्र उघडे. मी ताटली केली. शेवगा, भोपळा, फूल. तिच्यासमोर ठेवली. तिने तोंड फिरवलं.

तू ओल्या हातांनीच आलीस. ताटलीतलं सगळं उचललंस, भराभरा उभं-आडवं चिरलंस, तुझ्या त्या बोथट विळीवर, ज्या विळीला मी कायम नावं ठेवत आलोय. पाणी शिंपडलंस. मूठभर तिच्या नाकासमोर धरलंस. ती खाऊ लागली. तुझ्या मुठीतून, घाईघाईने, पाला तोंडाच्या दोन्ही बाजूंनी सांडत. मला जळायला हवं होतं. तसा माझा स्वभाव आहे, तुला माहीत आहे. पण मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि मला एवढंच वाटत होतं की ही माझी बायको आहे, ही माझी बायको आहे.

दुसऱ्या दिवशी मी मिरकरवाड्याला गेलो ते हेच सांगायला. लिलाव थांबवून सांगितलं म्हटलंस तरी चालेल. सारंग वाचली, आणि ती दमयंतीने वाचवली, केळशीच्या दमयंतीने, मी फक्त गोण्या उचलल्या. एकाने विचारलं, मग चीफ कुक काय करत होते? मी म्हटलं, ओटीवर बसले होते, आणि मान ताठ ठेवून घरी आलो. डॉक्टरांनाही सांगितलं. सुजयला सांगितलं, तर त्याची बायको फोनवर आली आणि म्हणाली, काकूंना माझा नमस्कार सांगा, आम्ही बघायला येऊ.

मग तुला सदूचा फोन आला की कासवांची घरटी फुटायला आलीत, माणूस कमी पडतोय. तू निघालीस. मी अडवलं नाही. स्टँडवर तू खिडकीशी बसलीस आणि गाडी सुटायच्या आधी म्हणालीस, "सगळं जग तुमच्या हातचं जेवलं. मी तीन दिवस होते. माझ्या हातचं एक दिवस तरी गुमान बसून जेवलात काय?"

मी उत्तर देणार होतो. शब्द जुळवतोय तोवर गाडी सुटली. आणि बरं झालं, कारण मी म्हणणार होतो की पहिल्या दिवशीच्या आमटीत मी फक्त थोडंसं कोकम वाढवलं होतं.

घरी येऊन विचार केला. सुट्टीवर यायचो तेव्हा दुसऱ्या दिवसापासून झारा माझ्या हातात. तुला वाटत असेल याला माझं आवडत नाही. तसं नव्हतं. बोटीवर माझी जागा गॅलीतल्या चुलीपाशी होती, गॅलीबाहेर मला कोणी ओळखत नव्हतं. घरी आलो तरी मी त्याच जागी जाऊन उभा राहायचो. दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते मला माहीत नव्हतं. आता ओटीवर बसून बघितलंय. बसता येतं. मरत नाही माणूस.

तर लिहायचं ते असं. सात तारखेला सकाळच्या गाडीने मी केळशीला येतोय. सारंगची काळजी करू नकोस. चिमाकाकू दिवसातून दोनदा ताटली सरकवेल, लांब काठीने, डोळे मिटून, पण सरकवेल. सुजय सुट्टीला येऊन बघून जाईल.

मी राहायला येत नाही, तुला न्यायलाही येत नाही. तू कुठे राहायचं ते तू ठरव. घरटी फुटतील ती बघायला मिळाली तर बघेन, तू सांगशील तेवढ्या लांब उभा राहून.

पिशवीत सुरी नाही, मसाला नाही, काही नाही. हात हलवत येतोय. तुझ्या मनात असेल ते कर, तुला जमेल तसं कर, आणि एक ताट माझं मांड.

मी जेवायला येतोय. भूक लागली आहे.

अनिल